पाल्याशिवाय वाढलेला गिनीपिग

मुलीच्या हट्टापायी आणलेला आमचा गिनीपिग एका सकाळी खाईना. उचलला की कळवळून ओरडायचा आणि मागचा पाय ओढत चालायचा. बोईसरमध्ये कुत्र्या-मांजरांना तपासणारे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी खोक्यात नुसतं डोकावलं. "उंदराच्या जातीचं आहे. दुसरा आणा," म्हणाले. मुलगी शेजारीच उभी होती. मी रागाने खोकं उचललं आणि तिला घेऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी नवरा कारखान्यातून रात्रपाळी करून आला आणि झोपला, म्हणून मी एकटीच खोकं घेऊन पालघरला गुरांच्या दवाखान्यात गेले. रांगेत माझ्यापुढे शेळी घेऊन एक बाई बसल्या होत्या. खोक्यात बघून म्हणाल्या, "ह्याला पाला कोणता घालता?"

"पाला नाही. दुकानात उघड्या पोत्यातून मिळतं ते कोरडं खाणं देतो."

"पाला नाय? मग जगतो कशावर?"

मी मान वळवली. प्रश्न रास्त होता, म्हणूनच जास्त झोंबला.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं, "मी गाई-शेळ्यांचा डॉक्टर. पण बघतो." त्यांनी गिनीपिगचं तोंड उघडून सुजलेल्या हिरड्या दाखवल्या. "माणसासारखंच याच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज खाण्यातूनच जायला हवं. उघड्या पोत्यातल्या जुन्या खाण्यात ते उरत नाही." थेंब दिले. रोज गवत, ढोबळी मिरची आणि थोडा पेरू द्यायला सांगितलं.

पुढचे चार दिवस मी सिरिंजने त्याला भिजवलेलं खाणं भरवलं. तो थुंकायचा, माझ्या ओढणीवर सांडायचा, बोट चावायचा. "सोड आता," नवरा म्हणाला. मी त्याच्यावरही चिडले आणि गिनीपिगवरही. पाचव्या दिवशी गिनीपिगने माझ्या हातातून कोथिंबिरीची काडी ओढून घेतली. पाय मात्र थोडा वाकडाच राहिला.

मग जिथून गिनीपिग आणला होता त्या दुकानात मी गेले. काचेच्या पेटीत तसलेच सहा होते, समोर तेच कोरडं खाणं. दुकानदाराला सगळं सांगितलं.

"भाभी, सबका ऐसेही चलता है," तो म्हणाला.

मी पिशवीतली ढोबळी मिरची चिरून पेटीत टाकली. सहाही जण तिच्यावर तुटून पडले. दुकानदाराने हात घालून ती काढून घेतली. "काच गंदा होता है," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.