कावळ्याचं तिसरं बोट

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे थोरले भाऊजी शब्दकोशाच्या कचेरीत संपादक. म्हणजे इतरांनी वेळेवर लिहिलेलं काम अडवून धरायचं, हा त्यांचा धंदा. 'क'चा खंड निघाला की नोकरी सोडून कायमचं लेकीकडे जायचं, असा शब्द त्यांनी जाऊबाईंना दिला होता. लेकीला जुळी झाली, जुळी चालायला लागली, तरी 'क' काही संपेना.

घोडं अडलं होतं काकपदापाशी. लिहिताना सुटलेला शब्द वर लिहून त्याखाली जी टोकदार खूण करतात, तिचं हे नाव. कावळ्याच्या पायासारखी दिसते म्हणून काकपद. शेंबडं पोरही सांगेल. पण भाऊजींना शंका! "कावळ्याला पुढे तीन बोटं, खुणेला रेघा दोनच. तिसरं बोट गेलं कुठे?" त्यात काहीजण तिला हंसपद म्हणतात, आणि हिऱ्यातल्या एका दोषालाही काकपदच म्हणतात. मग नाव आधी हिऱ्याचं की कागदाचं? नोंदीची चिठ्ठी खिशात टाकून हे विद्वान गच्चीवर जाऊबाईंचं ताजं दळण पसरून बसले, कावळ्याचे ठसे घ्यायला. ठसे उमटले मांजराचे.

"अहो, चार ओळी लिहून द्या नि सुटा एकदाचे!"

"घाईने विद्या होत नाही."

"आणि विद्येने पोट भरत नाही. जा, दळण आणा."

शेवटी कंटाळून कचेरीने खंड छापून टाकला. प्रत घरी आली त्याच दिवशी जाऊबाईंनी दोघांच्या बॅगा भरल्या. भाऊजींनी पान उघडलं आणि किंचाळले. काकण होतं, काका होते, मधलं काकपद गायब! असणार कुठून? चिठ्ठी यांच्याच खिशात. सुटलेलं दाखवणारी खूणच सुटली. दुसरा असता तर तोंड लपवलं असतं, हे खुलले. "आता पुरवणी काढावीच लागणार! दोन-तीन वर्षं तरी हलता येणार नाही," म्हणत बॅगेतले सदरे परत कपाटात लावू लागले.

जाऊबाई स्वतःची बॅग उचलून खाली आल्या, किल्ली माझ्या हातात ठेवली.

"निघते गं. आणि यांना जेवायला वाढू नकोस हं, सवय लागेल."

संध्याकाळी भाऊजी रिकामं ताट घेऊन दारात हजर. मी मोठ्या जावेची आज्ञा मोडत नाही. पिठाचा डबा त्यांच्या हातात दिला.