तिथीची पाऊणपट

वासंती टिपणीस बंगळूरहून मानसशास्त्राची पदविका घेऊन आली आणि १९५७च्या जून महिन्यात ठाण्याबाहेरच्या एका मनोरुग्णालयात रुजू झाली, तेव्हा तिथल्या कोणालाच तिचं नेमकं काम काय हे माहीत नव्हतं. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. औषध देत नसे, सुई टोचत नसे. नुसती समोर बसून प्रश्न विचारी आणि लिहून घेई. आठवड्याभरात वॉर्डातल्या लोकांनी तिचं नाव पाडलं, 'इचारणारी बाय'.

घरी, ठाण्यातल्या खोपटला, आईची वेगळीच काळजी होती. "दिवसभर अशा माणसांत बसायचं, तुझ्या डोक्याला त्रास नाही ना होत?" ती दर दोन दिवसांनी विचारी. वासंती हसून म्हणे, "अगं, ती माणसं माझ्यापेक्षा कमी बोलतात."

पुरुषांच्या वॉर्डात तिच्यासोबत विश्राम नावाचा जुना परिचर बसे. पंचवीस वर्षं नोकरी झालेला, मितभाषी माणूस. ती प्रश्न विचारत असताना तो दाराशी स्टुलावर बसून सुपारी कातरी. त्यानेच काळुरामला पहिल्यांदा तिच्या टेबलापाशी आणून बसवलं.

काळुराम खाडीकाठच्या गावातला आगरी, मिठागरावर राबणारा. पंचेचाळिशीचा. एका पावसाळ्यात मोठा ताप आला आणि त्यानंतर त्याला मेलेल्या भावाच्या हाका ऐकू येऊ लागल्या. त्या हाकांमागे तो घर सोडून निघाला. पोलिसांना ठाकुर्लीजवळ रुळांच्या कडेनं चालताना सापडला. रुग्णालयात दीड वर्ष झालं होतं. नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून हाका थांबल्या होत्या, जेवणखाण सुधारलं होतं. घरी पाठवायचं की नाही हे पाहणी समिती ठरवणार होती, आणि समितीपुढे वासंतीचा अहवाल जायचा होता.

वासंतीने शिकवल्याप्रमाणे सगळी चाचणी घेतली. लाकडी ठोकळे मांडायला लावले. थर्मामीटर कशाला लागतो, पाकिटावर तिकीट का लावतात, शंभरातून सात वजा करत जा. काळुराम हात मांडीवर ठेवून बसला होता.

"आज तारीख काय?"

"माना नाय ठाव."

"महिना कोणता, सन कोणता?"

"नाय ठाव, बाय."

तिने लिहिलं: बुद्धी सामान्याहून बरीच कमी, दिवस-काळाचं भान नाही. समितीने तो कागद वाचला, काळुरामला तारीख विचारली, पुन्हा तेच उत्तर ऐकलं आणि त्याला ठेवून घेतलं. त्या दिवशी त्याची बायको आवडाबाई फाटकापाशी दुपारपर्यंत उभी होती. नवऱ्यासाठी धुतलेलं धोतर तिने फडक्यात बांधून आणलं होतं. वासंती बाहेर आली तेव्हा ती म्हणाली, "बाय, त्याला घरा कवा धारतंस?" घरी कधी पाठवणार, यावर वासंतीने काहीतरी समजुतीचं सांगितलं. काय सांगितलं ते तिचं तिलाच पुढे आठवलं नाही.

पौषातली गोष्ट. संकष्टीचा दिवस, विश्रामचा उपास. सकाळी वासंती वॉर्डात आली तेव्हा विश्राम खिडकीशी उभ्या काळुरामशी बोलत होता. ती आल्यावर त्याने नेहमीसारखं स्टूल ओढलं आणि सहज म्हणाला, "बाई, माझा उपास मला कळायच्या आधी याला कळतो. परवाच म्हणाला, चवथीला दोन दिवस आहेत."

वासंती थबकली. काळुरामकडे वळून म्हणाली, "तुम्हाला कसं कळतं?"

"चांद दिसतंय ना खिरकीतून." तो खिडकीकडे न बघताच बोलला. "आज चवथ हाय. तीनाला पानी भरल."

"पाणी?"

"भरती. चवथ म्हंजी चार, त्याची पाऊनपट कर. तीन." मग जरा थांबून, जणू हिला एवढंही कसं ठाऊक नाही अशा मऊ सुरात, "आपल्या बंदराव थोरा उशीर. अर्धा तास धर."

"आणि अष्टमीला?"

"सा."

"एकादशीला?"

"सव्वाआठ."

बोटांवर मोजलं नाही, क्षणभर थांबला नाही. शंभरातून सात वजा न करू शकलेला हा माणूस तिच्यासमोर पाऊणपट तोंडी करत होता.

"मग मी तारीख विचारली तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"तू तारीख ईचारलीस," काळुराम म्हणाला. "तारीख सेटच्या वहीन असतंय. आमाला तीथ."

त्या दुपारी वासंतीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बंदरावर जाऊन उभी राहिली. चिखलात टेकलेल्या होड्या हळूहळू हलू लागल्या, मग तरंगल्या. शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या कोळणीला तिने विचारलं, "भरती पुरी कधी होते?" कोळीण पाण्याकडे बघत म्हणाली, "आता झालीच की." मनगटावरच्या घड्याळात साडेतीनला तीन मिनिटं कमी होती. वासंती तिथेच एका दगडावर बसली. तिला आनंद व्हायला हवा होता, पण डोळ्यांपुढे फडक्यात बांधलेलं ते धोतर येत राहिलं. तिच्या एका ओळीने त्या माणसाचे चार महिने गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि सरळ म्हणाली, "माझा अहवाल चुकला. मी त्याची नाही, माझ्या पुस्तकाची परीक्षा घेतली."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "समितीपुढे हे असंच सांगाल?"

"असंच सांगेन."

तिने तसंच सांगितलं. समितीतले एक निवृत्त न्यायाधीश पंचांग मागवून बसले आणि काळुरामला सात-आठ तिथींच्या भरत्या विचारल्या. मग मीठ कधी पिकतं, बांध कुठून फुटतो, हेही विचारू लागले. काळुराम खुलून बोलत होता. शेवटी न्यायाधीश म्हणाले, "याला आपण काय तपासायचं?" आणि सुटकेच्या कागदावर सही केली.

त्यानंतर वासंतीने एक वही केली. मिठागरावरच्या माणसाला काय विचारायचं, कोळणीला काय, गिरणीतल्याला काय. प्रश्न सुचवायचे ते विश्राम आणि इतर परिचर, कारण ती माणसं कुठून आली हे त्यांनाच ठाऊक असे. बंगळूरच्या तिच्या प्राध्यापकांनी वही पाहून कळवलं, 'शास्त्राच्या कसोटीला हे उतरणार नाही, तरी थांबवू नका.'

सगळं गोड झालं असं नाही. १९५९च्या श्रावणात काळुरामने बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या आणि हाका परत आल्या. पण या वेळी पोलीस लागले नाहीत. आवडाबाई त्याचा हात धरून त्याला स्वतः घेऊन आली आणि वासंतीला म्हणाली, "बिघारलाय, बाय. बरा कर, मंग नेतंय."

तो पाच आठवडे राहिला. तिसऱ्या आठवड्यात वॉर्डात एक नवा तरुण आला, भिंतीकडे तोंड करून बसलेला, कोणाशी न बोलणारा. वासंती वही घेऊन त्याच्यासमोर बसली. एकेक प्रश्न विचारत राहिली. मागच्या खाटेवरून काळुराम उठला, त्या तरुणाच्या शेजारी येऊन टेकला आणि हळूच म्हणाला, "बोल रं. ईचारते खरी, पन आयकते बी."

तरुणाने मान वळवली.