भोपाळच्या लाल बसने सहा नंबरपर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचं हॉस्टेल रिकामं व्हायला लागलं तेव्हा माझी रूममेट मुग्धा म्हणाली, "इथे एकटी भिंती बघत बसणार आहेस का? चल माझ्याबरोबर भोपाळला." मी लगेच बॅग भरली. माझं घर मॉरिशसला, सुट्टीत जाऊन यावं इतकं जवळ ते नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर कामाला गेले आणि तिथलेच झाले. घरात आम्ही क्रेओल बोलतो. मराठी मी आजीच्या तोंडून आणि शाळेत शिकले, आणि गेल्या वर्षी मराठीच घेऊन बी. ए. करायला पुण्यात आले. पहिल्याच आठवड्यात वर्गात ओळख करून देताना म्हणाले, "माझा बापूस बस चालवतो." 'बापूस' ऐकून सगळा वर्ग हसला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण मी त्यानंतर मिटले. इंग्रजीतच बोलू लागले. आणि हे सत्र संपलं की परत जायचं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. बाबा तिकीट काढायला तयार होते. रविवारी संध्याकाळी फोनवर नक्की सांगते, असं त्यांना म्हटलं होतं. ही गोष्ट त्याच रविवारची आहे.

मुग्धाचे बाबा भोपाळच्या मोठ्या कारखान्यात इंजिनीअर आहेत, घर अवधपुरीला. रविवारी सकाळी मुग्धाला सणकून ताप भरला. तिची आई म्हणाली, "आज राहू दे. एकटी कुठे हिंडशील? तुझं हिंदी तर सिनेमातलं." पण बस ड्रायव्हरच्या मुलीला शहर बसमधून बघायची फार हौस असते. शेवटी पोहे आणि गरम जिलेबी (तिकडे दोन्ही एकाच घासात खातात, करून बघा) खाऊन मी निघाले.

अवधपुरीहून लाल सिटी बस मिळते. रविवारी वाट बघावी लागते, पण तिकीट अगदी स्वस्त आणि खिडकीची जागा मिळते. कारखान्याच्या वसाहतीतले रुंद, झाडांचे रस्ते मागे पडले, पूल ओलांडला आणि कंडक्टर ओरडायला लागला, "सात नंबर! छे नंबर!" मी घाबरून तिकिटाकडे बघितलं. मला वाटलं, माझा सीट नंबर पुकारतोय.

"अगं, बस तू. स्टॉपची नावं आहेत ती," शेजारून मराठीत आवाज आला. साठीच्या पुढच्या एक बाई नुकत्याच चढून माझ्या बाजूला बसल्या होत्या. माझ्या फोनवर उघडलेला मराठी मेसेज त्यांनी बिनदिक्कत वाचला होता. "इथे आम्ही सगळे नंबरावरच राहतो. मी सहा नंबरवाली. शैला नाव माझं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "हो, मी बसमध्ये बैठली आहे. ताटली घेऊन येतेच. तू तेल नको चढवून ठेवू, गॅस फालतू जळून राहील!"

मला हसू आलं. माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं, कारण नेमकं असंच हसणं मला वर्गात लागलं होतं. मी पटकन माफी मागितली, आणि का कोण जाणे, बापूसची सगळी गोष्ट त्यांना सांगून टाकली.

शैलामावशी खळखळून हसल्या. "यात काय! माझे वडील ऑफिसच्या बदलीत नागपूरहून इथे आले, मी इथेच जन्मले. पुण्याला भाचीकडे जाते ना, तर मी मराठीत विचारते आणि दुकानवाला मला हिंदीत जवाब देतो!"

"मला इंग्लिशमध्ये देतात," मी म्हटलं.

"मग तू काय करतेस?"

"गप्प बसते."

"मी नाही बसत. मी मराठीतच भाव करते. घासाघीस करता करता तो आपोआप मराठीवर येतो."

न्यू मार्केटला बस बदलायची होती. मावशींच्या चकलीच्या सोऱ्याची ताटली ऐन दिवाळीत तुटली होती आणि तसल्या जुन्या सोऱ्याला बसेल अशी ताटली फक्त चौक बाजारात मिळेल, असा त्यांचा आग्रह. मला जुनं शहरच बघायचं होतं. आम्ही एकत्रच निघालो. तुम्ही गेलात तर या बसमध्ये डावीकडची खिडकी धरा. पॉलिटेक्निकच्या चौकातून बस खाली उतरली की एकदम मोठा तलाव समोर येतो. तलाव कसला, मला तर आमच्याकडची खाडीच आठवली. होड्या, पलीकडे धूसर टेकडी, काठावर मक्याची कणसं भाजणारे. डोळे भरून बघितलं.

चौकात मोती मशिदीच्या बाजूने आम्ही गल्लीत शिरलो. जरीचे बटवे लटकलेल्या दुकानांत मी रेंगाळत होते आणि मावशी भांड्यांच्या दुकानात दुकानदारकाकांशी भांडत होत्या. "आपा, ये वाली एकदम फिट बैठेगी." "खाँ साहब, पिछली बार भी यही बोला था!" शेवटी ताटली मिळाली. त्या आनंदात त्यांनी मला मीठ घातलेला चहा पाजला. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं, कप मात्र संपवला.

परतताना मला आदिवासी संग्रहालय गाठायचं होतं. पण सहा नंबर आला तशा मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "उतर. संग्रहालय कुठे पळून नाही जात. चकली गरम आजच आहे."

तिथल्या शिवाजी नगरात, मावशी राहतात त्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात चौघी-पाचजणी भाजणी मळून खोळंबल्या होत्या. माझी ओळख झाली, आणि लगेच चौकशी. तिकडे नारळ मिळतो का? दिवाळीला काय करता?

"गातो पतात," मी म्हणाले. "म्हणजे रताळ्याची करंजी. आत नारळ आणि साखर."

"रताळ्याची?" नीलिमाकाकू नावाच्या शेजारीणबाई उठल्याच. "माझ्याकडे रताळी पडली आहेत."

आता आली पंचाईत. मी ती आयुष्यात कधी केलेली नव्हती, फक्त आजीच्या शेजारी बसून बघितली होती. रताळी उकडली, कुस्करली, मैदा घातला. पहिली करंजी तेलात पडली आणि फुटली. नारळ सगळीकडे. दुसरीही फुटली. कुणी म्हणालं मैदा कमी, कुणी म्हणालं तेल थंड. नीलिमाकाकू पीठ आणखी जोरात तिंबायला लागल्या, तेव्हा माझ्याने राहवेना.

"अहो, एवढं नका ना मळू! चिकट होतं मग. हलक्या हाताने! आणि कड पाण्याने चिकटवा, नुसती दाबू नका!"

त्यांनी मुकाट्याने ऐकलं. तिसरी करंजी तेलात फिरली, फुगली आणि अख्खी वर आली. मावशींनी टाळी वाजवली. मग त्या सगळ्या माझ्याकडे पाठ करून आत खवा घातला तर कसं लागेल, यावर भांडायला लागल्या. माझी मराठी कशी आहे याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. माझंही नव्हतं. मी झारा घेऊन पुढच्या करंज्या तळत होते आणि मध्येच ओरडत होते, "खवा नको! आजी रागावेल!"

उजेड असेपर्यंत अवधपुरीला पोचले. मुग्धाचा ताप उतरला होता. गच्चीवर जाऊन बाबांना फोन लावला.

"मग, तिकीट कधीचं काढू?" त्यांनी क्रेओलमध्ये विचारलं.

"नका काढू. परीक्षा संपल्यावर सुट्टीला येईन, आणि पुण्याला परत जाईन," मीही क्रेओलमध्येच म्हटलं.

त्यांनी तिकिटाचा विषय तिथेच सोडला. मग म्हणाले, "आज काय केलंस?"

"गातो पतात."

"तू? घरी तर कधी स्वयंपाकघरात पाय ठेवला नाहीस. तुला कुणी शिकवलं?"

आता पुण्यात माझ्या खोलीत बसून हे लिहिते आहे. संग्रहालय राहिलं, बोटिंग राहिलं. भोपाळ बघायला म्हणून गेलेल्या कुणालाही ही यादी लाजिरवाणी वाटेल. तरी हा दिवस मी कशाशीही बदलणार नाही. बाबांना मी दिलेलं उत्तर मात्र इथे जसंच्या तसं लिहिते, कारण ते मी मराठीत दिलं होतं, आणि फोन ठेवल्यावरच ते माझ्या लक्षात आलं:

"मला कुणी नाही शिकवलं, बाबा. मीच शिकवून आले."