छातीइतकं पाणी

मी खोटं लिहिलं, ते चांगल्या मनानं लिहिलं. याहून भिकार सबब जगात नसेल.

आमच्या नागपुरात नाल्याकाठच्या लोकांना पंचनामा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. पूर ओसरला की कारकून वही घेऊन येतो आणि विचारतो, पाणी कुठवर आलं होतं? घोट्याइतकं आलं असेल तर माणूस गुडघा दाखवतो, गुडघ्याइतकं आलं असेल तर कंबर. कारकूनही समजून घेतो. त्या वर्षी तो कारकून मी होतो, आणि गल्लीतलं शेवटचं घर माझ्या थोरल्या बहिणीचं होतं. नवरा गेल्यावर धंतोलीच्या दवाखान्यात आयाचं काम करून तिनं ते एकटीनं उभं केलं होतं.

पाणी गुडघ्याच्या खालीच होतं. पण कमरेखालच्या पाण्याला मदत मिळत नव्हती. लोक घरातला चिखल उपसत माझ्या पेनाकडे बघत होते. मी म्हटलं, मरू दे, आणि साऱ्या गल्लीला ‘छातीइतकं पाणी’ लिहून टाकलं. ताई चहा घेऊन आली. “काहून गा, इतकं कुठं होतं?” म्हणाली.

“तू चूप राय ना वं,” म्हणत मी खाली सही ठोकली.

पुढे मी रिटायर झालो आणि नाल्यांचे नियम बदलायला निघाले. जुना नियम म्हणजे नुसती थट्टा. नकाशातल्या नाल्यापासून ठरावीक अंतर सोडा म्हणे, आणि नकाशा कोणत्या जमान्यातला ते देव जाणे! बिल्डरांनी भिंती घालून घालून नाल्याचा गळा आवळला होता. नव्या मसुद्यात लिहिलं होतं की जिथवर कमरेइतका किंवा त्याहून जास्त पूर आल्याची नोंद आहे, तिथवरची जागा नाल्याची. तिथे घर नको. असेल तर हटवा, बदल्यात दुसरीकडे फ्लॅट देऊ. वाचून मी ताठ उठून बसलो. याच नियमासाठी मी नोकरीभर साहेबांशी भांडलो होतो! मग शेवटचं पान उलटलं. तिथे पुराच्या नोंदी होत्या. ताईची गल्ली : छातीइतकं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तसाच तिच्याकडे गेलो. ती मेथी निवडत होती. सगळं सांगितलं.

“सुनावणीत खरं सांगून टाकतो. नोंद बदलली की घर वाचेल.”

“अन् तुले काही करतीन तं?”

“मले काय करते कोणी? रिटायर माणूस मी.” पेन्शन अडकू शकते हे तिला कुठून कळणार, असं मला वाटलं.

सुनावणीला उभा राहिलो. पाणी गुडघ्याखालीच होतं, छाती मी लिहिली, असं सांगून टाकलं. समोरचा अधिकारी पोराच्या वयाचा, पण बोलायला मऊ. “काका, सही तुमचीच ना? मग खोट्या नोंदीची चौकशी लागेल. पण आधी तिथे राहणारं कोणी सांगा, पाणी कुठवर होतं?”

गल्लीतल्यांनी माना खाली घातल्या. मदत सगळ्यांनीच घेतली होती, आणि आता बऱ्याच जणांना फ्लॅटची घाई होती. मी ताईकडे बघितलं. ती पदर सावरत उठली.

“छातीइतकंच होतं साहेब. भाऊ माह्यासाठी खोटं बोलून राहिला.”

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. “येडी झाली का वं ताई? घर गेलं ना तुहं!”

“तुह्या पोरीचं लग्न व्हायचं हाय,” ती म्हणाली. “चाल, ऊन लागून राहिलं.”

नियम मंजूर झाला, ताईची गल्ली पाडली गेली. यंदाच्या पावसात नाला त्या मोकळ्या जागेत पसरला, कोणाच्या घरात शिरला नाही. बरं झालं, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो. खरंच बरं झालं. पण त्या रस्त्यानं मी जात नाही, माझ्यानं जाववत नाही.

फ्लॅट अजून कागदावरच आहे, म्हणून ताई आमच्याकडे राहते. दारात आलेल्या कोणालाही चहा पाजल्याशिवाय न सोडणारी ही बाई. आता आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि माझ्या बायकोला विचारते, “एक गिलास पाणी घेऊ का वं?”