खाटेचा गेटपास

मला मदत केली ती आमच्या कंपनीच्या गेटवरच्या जमादारांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला त्यांचा राग येईल. मलाही यायचा. एडवणचा माणूस. भर उन्हाळ्यात खाकी शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. संध्याकाळी घरी जाताना स्वतःचा जेवणाचा डबा उघडून दुसऱ्या वॉचमनला दाखवायचे, आणि त्याने नीट पाहिलं नाही तर त्यालाच झापायचे.

मी तेव्हा बोईसरला तार ओढायच्या कंपनीत मशीनवर होतो. गाव लांब, मराठवाड्यात. शाळा सातवीत सुटलेली. ही नोकरी मला लावली ती तिथल्याच एका जुन्या फिटरनी. कोल्हापूरकडचे होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. बायको वारलेली, मूलबाळ नाही. राहायचोही त्यांच्याच खोलीत. एका वर्षी त्यांच्या फुप्फुसात गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हेलपाटे घालून झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "आता घरी न्या. त्रास कमी होईल तेवढं बघा."

कसं बघायचं, हे विचारायला मला सुचलं नाही. मी आभार मानले. घाबरलो की मी आभार मानतो, ती माझी सवय आहे.

काकांना आडवं पडता येत नव्हतं. आडवे झाले की बुडत्या माणसासारखे हात मारत उठायचे. उशा लावल्या तर घसरायच्या. शेवटी मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायला लागलो. ते माझ्यावर रेलून डुलकी काढायचे, मी गुडघ्यावर डोकं टेकून. पंधरा दिवस असे गेल्यावर मशीनवर माझे डोळे मिटायला लागले. तार फिरत असताना ज्याचे डोळे मिटतात त्याची बोटं जातात, हे मला पहिल्या दिवशी काकांनीच सांगितलं होतं.

मग आमच्या फिटर लोकांनी स्क्रॅपमधले अँगल आणि पट्ट्या काढून एक खाट बनवली. पाठीचा भाग वर-खाली होणारा, पाच खाचांचा. सगळे काकांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे वेल्डिंग असं की हत्ती झोपला असता. गणपती नुकतेच गेले होते. आम्ही खाट हातगाडीवर घालून गेटवर आणली.

"पास?" जमादार म्हणाले.

"जमादार, खाट आहे. काकांसाठी."

"खाट हाय ते दिसतंय मला. पास?"

कायमच्या बाहेर जाणाऱ्या मालाच्या पासावर मालकांची सही लागायची, आणि मालक परदेशात. परत येणाऱ्या मालाला गुलाबी पास, त्यावर स्टोअरकीपर आणि जमादारांची सही चालायची. गुलाबी पास मी भरायला घेतला. मालाचं वर्णन लिहिलं. 'कशासाठी' या रकान्याशी अडलो.

"सगळे दुरुस्तीसाठीच लिवतात," जमादार म्हणाले.

तासाभरापूर्वी बनलेल्या खाटेपुढे मी लिहिलं: दुरुस्तीसाठी.

"आता परतीची तारीक टाका, भाऊ."

"कशी टाकू?"

"पेनानं."

"तसं नाही जमादार. खाट परत कधी येणार म्हणजे काका कधी…"

"मी काकांचं कुठं विचारतो? खाटेचं विचारतो."

मागे तारेची भेंडोळी भरलेला ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत ओरडला, "अरे भाई, क्या लिख रहे हो, वसीयतनामा?"

"दिवाळी टाक," एक फिटर म्हणाला.

"दिवाळी फार लांब होते," दुसरा.

"लांब? तुला काकांची काय घाई आहे रे?"

"मी पासाचं बोलतोय!"

शेवटी तिसऱ्याने तोडगा काढला. "खंडेनवमी टाक. त्या दिवशी पूजेला सगळी हत्यारं, सगळं सामान आत असावंच लागतं." सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. खंडेनवमी ही माणसाची तारीख नव्हती, लोखंडाची होती. मी ती सातवीतल्या चांगल्या अक्षरात लिहिली. जमादारांनी शिक्का मारला. ट्रक गेला.

काका तिसऱ्या खाचेवर रेलले आणि दुपारभर झोपले. उठल्यावर म्हणाले, "कागद कुठाय?" माल आला की कागद वाचायचा, ही त्यांची जन्माची शिस्त. त्यांनी पास वाचला. मी भिंतीकडे बघत राहिलो.

"म्हणजे खंडेनवमीला मी जागा खाली करायची."

"काका, ती खाटेची तारीख आहे."

"मग त्या दिवशी मी काय आढ्याला लटकू?" ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. "आणि दुरुस्तीसाठी लिहिलंयस. कुणाच्या रे?"

तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. माझी झोप उडाली. ती तारीख माझ्या अक्षरात होती. मी लिहिली म्हणून ती खरी झाली तर? मी कॅलेंडरचं ते पान भिंतीकडे उलटं करून टांगलं. काकांच्या ते लक्षात आलं. रोज जेवायला बसलं की म्हणायचे, "अजून अकरा दिवस आहेत. वरणात तूप घाल की लेका, कुणासाठी राखतोस?" दुसऱ्या दिवशी दहा.

खंडेनवमीला सकाळी दहाच्या सुमाराला चाळीपुढे सायकल थांबली. जमादार. पूर्ण गणवेश, कॅरिअरला रजिस्टर, हँडलला झेंडूच्या फुलांची पिशवी.

"माल परत आला नाय," ते म्हणाले.

मी हात जोडले. "जमादार, तुमच्या पाया पडतो. आजच्या दिवस खाट काढून घेऊ नका. माणूस आडवा झाला की गुदमरतो हो."

"मुदतीत माल आला नाय, तर माल बघून मुदत वाढवता येते. बघितल्याशिवाय नाय. सरका."

ते आत आले. खाटेचे पाय हलवून पाहिले, खाचा मोजल्या. काका उठायची धडपड करायला लागले.

"बसा, बसा," जमादार म्हणाले. "तुमी मालात धरलेले नाय."

मग त्यांचं काकांकडे लक्ष गेलं. फुटलेल्या ओठांकडे, लाल झालेल्या टाचांकडे. रजिस्टर त्यांनी मिटलं.

"खाट इथं कोणी लावली?"

"मी."

"कोपऱ्यात? भिंतीला तोंड करून? माणसाला श्वास पुरत नाय आणि तुमी त्याला भिंत दाखवता?" गळ्याचं बटण त्यांनी काढलं. ते निघतं हे मला तेव्हाच कळलं. "आमच्या बापाला हेच होतं. वरीसभर केलं मी त्याचं. चला, पाय धरा."

काकांसकट खाट आम्ही दाराशी आणली. खाडीकडून येणारा वारा सरळ त्यांच्या तोंडावर आला. काकांनी डोळे मिटले आणि त्यांचे खांदे इतक्या दिवसांत पहिल्यांदा खाली आले. जमादारांनी मला बोटाला ओलं फडकं गुंडाळून ओठ कसे भिजवायचे ते दाखवलं, टाच खाटेला टेकू नये म्हणून पोटरीखाली घडी कशी ठेवायची ते दाखवलं, पुढे उशी घेऊन तिच्यावर हात टेकवून कसं वाकू द्यायचं तेही.

"आणि मेन गोष्ट. यांना धाप लागली की तुमी नाचायचं नाय. तुमी घाबरला की ते दुप्पट घाबरतात. शेजारी बसायचं आणि हळू आकडे मोजायचे. एक… दोन… त्यांच्या कानाला ऐकू येतील असे."

मुंबईच्या डॉक्टरांनी 'बघा' म्हणून सांगितलेलं हेच असावं.

इतकं झाल्यावर त्यांनी बटण परत लावलं. "आता पूजा."

"कसली?"

"खंडेनवमी हाय. कंपनीचा माल बाहेर असला म्हणून काय झालं?"

खाटेच्या पायांना हळदकुंकू लागलं. नारळ ठेवला, उदबत्ती पेटली, आणि झेंडूचा भलाथोरला हार पाठीच्या पट्टीला अडकवला. पट्टी काकांच्या डोक्यामागे, त्यामुळे अर्धा हार त्यांच्या दोन्ही खांद्यांवर आला. ते दारात बसलेले, डोळे मिटलेले, चेहरा शांत. समोरची वहिनी नळावरून पाण्याची कळशी घेऊन आली, तिने हे पाहिलं, कळशी सोडली आणि हंबरडा फोडला.

दोन मिनिटांत चाळ गोळा झाली. बायका रडायला लागल्या. एकाने डोक्यावरची टोपी काढली. दुसरा माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "बांबू मनोरला चांगले मिळतात, आत्ता माणूस पाठवू का?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि सवयीने त्याचे आभार मानले. तो निघालाच.

काकांनी एक डोळा उघडला. "वहिनी, रडू नका. पूजा खाटेची आहे. मी नुसता वर बसलोय."

वहिनी मग खरंच चिडली. भरलेली कळशी सांडल्याबद्दल तिने आम्हा तिघांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जमादार खाली मान घालून रजिस्टरमध्ये लिहीत राहिले: माल पाहिला. स्थिती उत्तम. दुरुस्ती चालू. मग त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"नवी तारीक."

माझा हात पुढे होईना. काकांनीच पेन ओढून घेतलं. "आण इकडे. याने लिहिली की हा जेवत नाही." आणि स्वतःच्या हाताने त्यांनी तुळशीच्या लग्नाची तारीख घातली.

त्यानंतर दर रविवारी जमादार सायकलवर येत राहिले. असा नियम नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "अचानक तपासणी."

काका त्या तारखेच्या चार दिवस आधी गेले. दुपार होती, वारा होता. त्यांना धाप लागली, मी शेजारी बसून मोजायला लागलो. नाचलो नाही. त्रेसष्टपर्यंत मोजल्यावर लक्षात आलं की बराच वेळ मी एकटाच मोजतोय.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी मी खाट धुऊन, पुसून, हातगाडीवर घालून गेटवर नेली. मुदतीत. जमादारांनी हात आडवा केला.

"आत आणू नका."

"का? आज तारीख आहे."

"आत गेली की पास बंद, खाट भंगारात जमा. भंगार बाहेर काढायला मालकांची सही." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "वाणगावला एक बाई हाय. तिलाबी आडवं पडता येत नाय. तुमी मोजायला शिकलाय ना? मग तिच्या पोराला शिकवून या."

तेव्हापासून ती खाट दुरुस्तीवरच आहे. वाणगावहून ती मनोरच्या पुढे एका डोंगरपाड्यावर गेली. शेवटचा चढ आम्ही ती खांद्यावर नेली, आणि तिथल्या म्हाताऱ्याने ती बघून विचारलं, "एवढं लोखंड कशाला? मी काय पळून जानार हाय?" तिथून पालघरला. दर वेळी मी बरोबर जातो, वारा कुठून येतो ते बघतो, घाबरलेल्या माणसाला मोजायला शिकवतो. मी स्वतः अजून घाबरतो, पण ते आता माझ्याजवळच ठेवतो. एकदा मुख्य ऑफिसातून आलेल्या साहेबांनी रजिस्टर उघडून विचारलं, एका खाटेची दुरुस्ती इतकी वर्षं कशी काय चालली आहे? जमादार ताठ उभे राहिले. "साहेब, काम मोठं हाय."

आता ते निवृत्त होऊन एडवणला असतात. मागच्या खेपेला भेटायला गेलो तर दारात बसले होते, तोंड वाऱ्याकडे. मला पाहून उठले आणि चार पावलांत धाप लागली. ते माझ्या लक्षात आलं, हेही त्यांच्या लक्षात आलं. आम्ही पावसापाण्याचं बोललो.

खाट सध्या माझ्याकडे आहे. खाचांना तेल घालून ठेवली आहे. हे त्यांना सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून इथे लिहितो. जमादार, तुमचं मी फेडीन. लागेल तेव्हा खाट मी स्वतः एडवणला आणीन, वाऱ्याच्या बाजूला लावीन आणि शेजारी मोजायला बसेन. पास तुम्ही मागालच. तोही भरून आणीन. फक्त तारखेचा रकाना कोरा असेल, मग तुम्ही मला कितीही झापा.