थकलेल्या गाईंचं चीज

मंडळी, आज दुपारी आईला एअरपोर्टवर सोडून आले. घर खायला उठलंय, म्हणून ग्रुपवर लिहितेय.

माझ्या बाळंतपणासाठी ती सहा महिने इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला होती. काल शेजारच्या इटालियन आजींनी प्लेटभर गोर्गोन्झोला चीज दिलं; त्यातली निळी बुरशी मुद्दाम वाढवलेली, खायचीच असते. आईने सुरीने त्यातली सगळी निळी बुरशी खरवडून काढली आणि उरलेलं पांढरं चीज टाकवेना, म्हणून स्टीलच्या डब्यात भरलं.

मी ओरडले, "आई, कळत नाही तर हात कशाला लावतेस?"

"लहान बाळाच्या घरात बुरशी नको गं," एवढंच म्हणाली. नंतर आम्ही धड बोललोच नाही.

आज संध्याकाळी त्या आजी प्लेट न्यायला आल्या. सहज सांगत होत्या, गोर्गोन्झोला हे गावाचं नाव. चीजचं जुनं नाव स्ट्राकिनो, म्हणजे थकलेलं. डोंगरावरून चालत आलेल्या गाई त्या गावात थांबायच्या आणि तशा दमलेल्याही दूध द्यायच्या. त्या दुधाचं हे चीज.

सहा महिन्यांत आई एकदाही दुपारची आडवी झाली नव्हती.

तिचं विमान अजून हवेतच असेल. तुम्ही तुमच्या आईला गेटवर शेवटचं काय म्हणालात? मी म्हणाले, "पासपोर्ट नीट ठेव."