वकीलबाईंची साक्ष

माझ्या मावशीला साधा प्रश्न विचारायचीही चोरी. "मावशी, किल्ल्या कुठे आहेत गं?" म्हटलं की ती सुरू होते, "शेवटच्या कोणी हातात घेतल्या? किती वाजता? तेव्हा दुसऱ्या हातात काय होतं?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत किल्ल्या आपल्याच खिशात सापडतात, आणि तिचे आभार मानावेत की तोंड लपवावं ते कळत नाही.

ही खोड तिला कामातून लागली. कोर्टातल्या साक्षींचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि ते टाइप करायचं, हे तिनं एकतीस वर्षं केलं. मावशीला दिसत नाही. विसाव्या वर्षी आजारात डोळे गेले. कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवतो, तेही इतक्या भरधाव की शेजारच्या काकूंना वाटायचं, या घरात रोज कोणीतरी भांडायला येतं. एकदा त्या भांडण सोडवायलाही आल्या होत्या.

ती ज्या सॉफ्टवेअरवर टाइप करायची, ते बनवणाऱ्या कंपनीत पुढे मी नोकरीला लागले. कंपनीच्या मते माझ्या शिक्षणामुळे, मावशीच्या मते तिच्या पुण्याईमुळे. निवृत्त झाल्यावर मावशीनं आमच्या कंपनीच्या फोरमवर ठाण मांडलं. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तिथे आपल्या अडचणी लिहायच्या आणि जाणत्यांनी उत्तरं द्यायची, अशी ती जागा. तिथे महिन्याभरात तिचं नाव पडलं, वकीलबाई. कोणी नुसता स्क्रीनशॉट चिकटवून "हे असं का होतंय?" विचारलं, की वकीलबाई लिहायच्या, "चित्र चालणार नाही. पडद्यावर काय लिहिलंय, तुम्ही आधी काय दाबलंत, मग काय झालं, सगळं शब्दांत लिहा." लोक चडफडत लिहायचे. लिहितालिहिता निम्म्यांना आपलं कुठे चुकलं ते आपोआप समजायचं. उरलेल्यांना मावशी पायरीपायरीनं उत्तर द्यायची, आणि ते उत्तर हमखास बरोबर असायचं. एकानं वैतागून लिहिलं, "बाई, चित्रात सगळं स्पष्ट आहे, जरा डोळे उघडून बघा." मावशीनं हे मला तीनदा ऐकवलं. हसून हसून तिला ठसका लागला.

ती आंधळी आहे हे फोरमवर कोणालाच माहीत नव्हतं, आणि ती माझी मावशी आहे हे ऑफिसात. मला तशी शपथच होती. "आज सगळे मला टरकून असतात," ती म्हणायची. "कळलं तर मला जपायला लागतील. मला नाही कोणाकडून जपून घ्यायचं."

मग आम्ही फोरमला नवं रूप दिलं. आम्ही म्हणजे मीच, उगाच चारचौघांवर कशाला ढकलू? जुना फोरम म्हणजे नुसता शब्दांचा ढिगारा होता. मी शब्द हटवले आणि जागोजागी गोंडस चित्रं बसवली. आत येणारा माणूसच आहे ना, हे तपासायला नऊ चौकोनांतल्या सायकली ओळखायची परीक्षा ठेवली. साहेब म्हणाले, "आता कसं मोकळं मोकळं वाटतं!" मी दोन दिवस ऑफिसात जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

त्यानंतर नऊ दिवस वकीलबाईंचा पत्ता नव्हता. फोरमवर प्रश्न साचत चालले आणि उत्तर न मिळालेले लोक ऑफिसात फोन करू लागले. मला वाटलं, मावशी कशावरून तरी रुसली असेल. रविवारी तिच्याकडे गेले, तर ती टेबलाशी बसून ब्रशनं कीबोर्ड साफ करत होती.

"हा घेऊन जा तू," ती म्हणाली. "चांगला आहे अजून."

"आणि तुला?"

"मला काय करायचाय? वय झालं माझं. तुमचं नवीन काही मला जमत नाही. माझंच चुकत असणार."

माझंच चुकत असणार, हे वाक्य मावशीच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी फोरम उघडला. तिनं एक कळ दाबत नेली आणि कॉम्प्युटर बोलू लागला, "बटण. बटण. चित्र. बटण. बटण."

"हे असं," मावशी म्हणाली. "आता तू पडद्यावर काय आहे ते सांग. शब्दांत."

"एक कागदी विमान आहे."

"विमानाचं इथे काय काम?"

"ते दाबलं की उत्तर जातं."

"तसं लिहिलंय कुठे?"

"नाही. पण विमान आहे ना."

"पुढे?"

"तीन ठिपके. त्याच्या शेजारी एक घंटा."

"त्यांची नावं काय ठेवलीत?"

मी पाहिलं. चित्राला नाव देण्याची सोय होती. रकाने सगळे कोरे होते. आत नाव लिहिलं असतं तर कॉम्प्युटरनं ते वाचलं असतं. दहा मिनिटांचं काम.

"नावं... नाही दिली."

"कोणी नाही दिली?"

मी ब्रश उचलून कीबोर्ड झाडू लागले.

"साक्षीदार गप्प आहे," मावशी म्हणाली.

"मी," मी म्हटलं. "मावशी, अगं, तुला दिसत नाही हेच मी विसरले."

ती म्हणाली, "आता ही शिवी समजू की शाबासकी?" मला रडू फुटलं. तिनं हात चाचपत माझं डोकं शोधलं आणि हलकीशी टपली मारली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "दिसत नसलेले असे किती लोक येतात आपल्याकडे? एकाची तरी लेखी तक्रार आहे? नसेल तर पुढच्या वर्षी बघू." आता आली का पंचाईत! तक्रार करायची तर शपथ मोडत होती, आणि शपथ पाळायची तर मावशीचं दार बंद.

"नाव न घालता लिहू का?" मी तिला विचारलं. "एका वापरणाऱ्याला अडचण येते, असं?"

तिचा चहा समोर गार होत होता. "नाव-गाव न सांगता साक्ष होते का कुठे?" ती शेवटी म्हणाली. "लिहून घे. आणि सगळ्यांसमोर टाक, फोरमवरच."

तिला आत शिरता येत नव्हतं, म्हणून माझ्याविरुद्धची फिर्याद मी माझ्याच खात्यातून टाइप केली. 'मी वकीलबाई. मला दिसत नाही. सहा वर्षं मी तुमच्याकडून चित्रांचं वर्णन लिहून घेतलं, ते शिस्त लावायला नाही. मला दुसरा मार्ग नव्हता. आता मला दारातच सायकली ओळखायला लावतात. दार नीट करा.' लिहून झाल्यावर तिनं "टाकलंस का?" असं दोनदा विचारलं. माझी मावशी घाबरली होती.

उत्तरं यायला लागली. डोळे उघडायला सांगणाऱ्यानं लांबलचक माफी मागितली. "आली बघ दया," मावशी म्हणाली. कोणी एकीनं फुलांच्या गुच्छाचं चित्र पाठवलं, तेही वर्णनाशिवाय. मावशीनं कपाळावर हात मारला. मग मी पुढचं वाचलं.

'वकीलबाई, मलाही दिसत नाही. चार वर्षं मी इथे नुसता वाचायला येतो. बाकीच्या फोरमांवर सगळे चित्रं चिकटवतात, मला काही कळत नाही. इथे तुमच्या धाकानं लोक शब्दांत लिहायचे, त्यावर मी सॉफ्टवेअर शिकलो. त्यावरच नोकरी लागली. नवं रूप आल्यापासून मीही बाहेरच आहे. तुमचं हे शेजाऱ्यानं वाचून दाखवलं, उत्तरही त्याच्याकडूनच लिहून घेतोय.'

"परत वाच," मावशी म्हणाली. मी वाचलं. "परत." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

साहेबांनी दुरुस्तीला होकार दिला. दुरुस्त केलेला फोरम उघडायला सतरा दिवस लागले, कारण तपासायला मावशी होती. तिनं त्रेसष्ट चुका काढल्या, क्रमांक घालून. चौदाव्या क्रमांकाला नुसतं 'लाज वाटू द्या' एवढंच होतं. सायकली गेल्या, त्यांच्या जागी ऐकून टाइप करायचे शब्द आले.

दार उघडलं त्या सकाळी मी तिच्या शेजारी बसले होते. ती आत शिरली ती थेट त्या माणसाकडे. "चार वर्षं गप्प का बसलात?" तिनं खडसावलं. "विचारायचं काय राहिलंय तुमचं?"

त्यानं लगेच लिहिला, चांगला दीड पान. मावशीनं तो दोनदा ऐकला. मी उत्तराची वाट बघत होते. तिची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली होती. मग तिनं टाइप केलं, 'हे मला येत नाही. आपण दोघं मिळून शोधू.'

माझ्याकडे मान वळवून ती म्हणाली, "तू निघ आता. आम्हाला काम आहे."